नव्वदच्या खाली काटा नको

६ जानेवारी

मास्तरांनी सांगितलं म्हणून ही वही. एरवी माझं लिहिणं म्हणजे गाडीच्या काचेवर खडूनं दुरुस्तीची यादी.

मागच्या महिन्यात मेकॅनिक मंडळींच्या सभेत मी उभं राहून ठणकावून सांगितलं होतं की पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायला लागल्यापासून इंजिनं आतून काळी पडायला लागली आहेत. व्हॉल्व्हवर कार्बन, पिस्टनवर कार्बन, प्लगवर कार्बन. टाळ्या कडकडून पडल्या. मास्तरांनी तेवढी टाळी वाजवली नाही. ते तंत्रशाळेत इंजिन शिकवतात, मलाही त्यांनीच शिकवलं. आज गॅरेजवर आले आणि चहा पिता पिता म्हणाले, टाळ्या ठीक आहेत, पण तू मोजलंस का?

त्यांचं म्हणणं, अल्कोहोल स्वच्छ जळतं. जुन्या टाकीतला चिकट मळ ते सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये अडकतो, ही तक्रार खरी. हवा-पेट्रोल ज्यातून आत येतं त्या इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवर थर थोडा वाढू शकतो, तेही खरं. पण पिस्टनच्या डोक्यावर कार्बन उलट कमी दिसायला हवा. मी म्हटलं, मास्तर, तुमचं पुस्तक आणि माझी वीस वर्षं.

मग पैज म्हणा, चाचणी म्हणा, ठरलं. माझ्याकडे एकाच मॉडेलच्या दोन जुन्या गाड्या आहेत. एकीत साधं पेट्रोल घालायचं, ते गावाबाहेरच्या एका पंपावर अजून मिळतं. दुसरीत मिसळीचं. दोन्ही रोज बायपासनं चाळीस किलोमीटर चालवायच्या. पाच हजार झाले की इंजिनं उघडायची आणि जे निघेल ते जुलैच्या सभेत मी स्वतः वाचून दाखवायचं. साधी गाडी मी चालवीन. दुसरी कोण चालवणार, हा प्रश्न आहे.

९ जानेवारी

बाबांना विचारलं. चाळीस वर्षं लांब पल्ल्याच्या ट्रकवर होते, कुणाला साधा धक्काही लागला नाही त्यांच्याकडून. प्लग बघून इंजिनाचा आजार सांगायला मला त्यांनीच शिकवलं. पण निवृत्त झाल्यावर गॅरेजवर येऊन बसायचे आणि गिऱ्हाइकांसमोर माझ्या चुका काढायचे. आठ वर्षांपूर्वी एकदा मी म्हटलं, बाबा, उद्यापासून येऊ नका. ते आले नाहीत. मीही त्यानंतर त्यांना कामाचं काही विचारलं नाही.

आज विचारल्यावर त्यांनी आधी रेडिओ बंद केला. मला वाटलं, जुनं मनात असेल. मग म्हणाले, "रोज चालवायची?" म्हटलं, रोज. "आणि मीच पाहिजे?" मी म्हटलं, तुमच्याइतका हलका पाय दुसऱ्या कुणाचा आहे? म्हाताऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढं पुरतं. हो म्हणाले. जेवताना उगाचच दोनदा हसले.

११ जानेवारी

मास्तरांनी शाळेतला नाजूक वजनकाटा आणला. दोन्ही इंजिनं उघडून, घासूनपुसून लख्ख केली. प्रत्येकीचे चार इनलेट व्हॉल्व्ह, ओळखायला टोकदार पंच ठोकून एक, दोन, तीन, चार ठिपके मारले. प्रत्येकाचं वजन लिहून ठेवलं.

बाबा स्टुलावर बसले होते, आठ वर्षांनी. गंमत म्हणून एक व्हॉल्व्ह त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अंगठा फिरवला आणि म्हणाले, तीन नंबर. माझी छाती फुगली. मास्तरांना म्हटलं, बघा, ही जुनी माणसं. मास्तर बाबांकडे बघत राहिले.

जाताना त्यांनी सुचवलं की दर आठवड्याला आम्ही दोघांनी गाड्यांची अदलाबदल करावी, म्हणजे चालवणाऱ्याचा फरक राहणार नाही. मी झटकून टाकलं. बाबांना एका गाडीची सवय झालेली बरी, आणि मला रोजच्या कामात ती कटकट नको होती.

२ फेब्रुवारी

तीन आठवडे झाले. माझे दोन खाडे पडले, ते मी नंतर भरून काढले. बाबांचा एकही नाही. पहाटे सहाला निघतात, रस्ते मोकळे असतात म्हणून. आल्यावर नोंदवहीत निघाल्याची वेळ, आल्याची वेळ, किलोमीटर आणि शेरा. शेरा रोज एकच, "ठीक". अक्षर एवढं मोठं काढतात की एक ओळ तीन रेघा खाते, आणि शेवट वर चढत जातो. मी म्हटलं, बाबा, हा ट्रकच्या मागचा बोर्ड नाही. ते म्हणाले, घाईत लिहिलं.

२६ फेब्रुवारी

मिसळीच्या गाडीला पेट्रोल फारच लागतंय. अल्कोहोलमध्ये ताकद कमी म्हणून थोडं जास्त लागणार हे मलाही माहीत आहे, पण हे थोडं नाही. लिहून ठेवलं. मास्तरांच्या पुस्तकावर हा पहिला डाग.

त्या गाडीच्या डाव्या मडगार्डला लांब ओरखडा आलाय. बाबा म्हणाले, गल्लीत वळताना खांब लागला. बायपासला जायला गल्ली कुठं लागते, हे विचारायचं राहिलं. एक गिऱ्हाईक डोक्यावर बसलं होतं.

१५ मार्च

बायको म्हणाली, आज सकाळी दूध आणायला गेले तर बाबांची गाडी पाण्याच्या टाकीजवळून जाताना दिसली. परत येताना तिथूनच, पुन्हा त्याच दिशेनं जाताना दिसली. मी म्हटलं, वाटेत चहाला थांबत असतील. ती म्हणाली, तुम्ही घरात बघता का काही? चहा ओततात तो बशीत. भिंतीला हात लावून चालतात. परवा मी दारात समोर उभी होते तर मला विचारलं, कोण आहे? तिला त्यांच्या चष्म्याचा नंबर तपासून आणायचाय.

मी म्हटलं, आणू की. दोन महिन्यांचा प्रश्न आहे, चाचणी संपू दे.

८ एप्रिल

अर्ध्याहून जास्त अंतर झालं. राहवेना म्हणून दोन्ही गाड्यांचे प्लग काढून बघितले. माझ्या गाडीचा बिस्किटासारखा तांबूस. मिसळीच्या गाडीचा काळा कुळकुळीत! मी अक्षरशः शीळ घातली.

बाबांना नेऊन दाखवला. त्यांनी तो नाकाशी नेला, बोटांत काजळी चोळली. म्हणाले, कोरडी आहे. मी म्हटलं, असणारच, अल्कोहोलची. ते म्हणाले, "तसं नसेल रे. जरा ऐक..." मी हसून म्हटलं, बाबा, आता तुम्हीही मास्तरांच्या पार्टीत? त्यांनी प्लग माझ्या हातात ठेवायला हात पुढे केला तो माझ्या हाताशेजारी. प्लग खाली पडला. मी उचलला, पुसायचा नव्हता म्हणून जपून उचलला.

१८ मे

इंजिनं उघडली. मी जिंकलो.

माझ्या साध्या पेट्रोलच्या गाडीत व्हॉल्व्हमागे सरासरी पाव ग्रॅमच्या आत थर. मिसळीच्या गाडीत अर्ध्या ग्रॅमच्या वर. पिस्टनचं डोकं तर तव्याच्या बुडासारखं. मी फोटो काढले. सभेत काय बोलायचं याची सुरुवातही सुचली. मास्तर म्हणाले, फोटो राहू दे, मला बाबांची नोंदवही दे. घेऊन गेले.

२० मे

मास्तर सकाळीच आले. नोंदवही टेबलावर ठेवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. निघालो सहा, आलो आठ-चाळीस. पुढची ओळ, सहा आणि पावणेनऊ. चाळीस किलोमीटरला पावणेतीन तास. रोज. एकशे पंचवीस दिवस माझ्या नाकासमोर लिहिलेलं, आणि मी फक्त अक्षराला हसत होतो.

मास्तर म्हणाले, व्हॉल्व्हच्या पाठीवरच्या थराबद्दल आपण भांडू शकतो. पण पिस्टनवर आणि प्लगवर कोरडी काजळी कशाची असते? मला शरम वाटली. हे मला बाबांनीच शिकवलं होतं. तेलकट काळं दिसलं तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, कोरडं काळं दिसलं तर दोष पायाचा. दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत चालवलेलं इंजिन पुरतं तापत नाही आणि काजळी जळून जात नाही. चार महिन्यांची चाचणी म्हणजे माझं साधं पेट्रोल विरुद्ध बाबांचा पाय, अल्कोहोल मध्ये कुठं होतं ते देवालाच ठाऊक.

मास्तर असंही म्हणाले की एकदा बाबांशी नीट बोल, असं का चालवलं ते विचार. मी घरी गेलो तो विचारायला नाही. गेलो तो ओरडायला. म्हटलं, चाळीस वर्षं ट्रक हाणला आणि आता बैलगाडी चालवता? जमत नव्हतं तर तेव्हाच नाही म्हणायचं होतं. मी दुसरा माणूस बघितला असता. माझी सभेत अब्रू जाईल त्याचं काय? बायको दारात येऊन उभी राहिली तरी मी थांबलो नाही.

बाबा खुर्चीच्या हाताला धरून बसले होते. ऐकून घेतलं सगळं. म्हणाले, "आता काय करायचं सांग. तसं करतो."

२३ मे

तोडगा निघाला. मिसळीच्या गाडीचं इंजिन घासायचं नाही, काजळीसकट तसंच बांधायचं आणि आठशे किलोमीटर बायपासला जोरात पळवायचं. आम्ही गॅरेजवाले गिऱ्हाइकाला नेहमी सांगतो, गाडी एकदा लांब काढा, दाबून चालवा, कार्बन जळून जाईल. पेट्रोल तेच मिसळीचं. काजळी गेली तर दोष पायाचा, राहिली तर अल्कोहोलचा. मास्तर म्हणाले, हे तू स्वतः चालव. मी म्हटलं, ज्यानं काळं केलं त्यानंच धुवायचं. हे वाक्य मला तेव्हा फार चटकदार वाटलं.

बाबांना सांगितलं, रोज टोलनाक्यापर्यंत जाऊन परत, दिवसातून दोन फेऱ्या केल्यात तरी चालेल. "नव्वदच्या खाली काटा नको." ते म्हणाले, बरं.

२४ मे

चाळीस किलोमीटर, गावातला रस्ता धरून पस्तीस मिनिटं. शेरा: ठीक.

३१ मे

रोज पस्तीस-छत्तीस मिनिटं. मी म्हटलंच होतं, मनात आणलं तर जमतं. बाबा घरी आले की अर्धा तास गाडीतच बसून राहतात. शर्ट घामानं ओला असतो. उन्हाचे दिवस आहेत. आज त्यांच्या पाठीवर थाप मारली, म्हटलं, झाला की नाही जुना ड्रायव्हर जागा? हसले. प्लग काढून बघितला, काळेपणा उतरायला लागलाय.

बायकोनं पुन्हा चष्म्याचा विषय काढला. म्हटलं, अजून दहा-बारा दिवस.

४ जून

बाबांना अपघात झाला. बायपासवर बंद पडलेला मालट्रक उभा होता, भर उजेडात, त्याच्या मागे जाऊन आदळले. जिवंत आहेत.

७ जून

खुबा मोडलाय, डावा हात तीन ठिकाणी. शुद्धीवर आहेत. हाडांच्या डॉक्टरांनी तपासताना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी बाबांच्या डोळ्यांत बराच वेळ दिवा धरला, मग मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, यांना मधलं दिसतच नाही. कडेचं दिसतं, पण जिथं बघतात तिथं डाग आहे. एका दिवसात झालेलं नाही, दीड-दोन वर्षं तरी असणार.

मग त्यांनी विचारलं, "यांना गाडी कोणी चालवायला दिली?"

मी म्हटलं, मी.

त्या आत निघून गेल्या. मी तिथल्या बाकावर बसलो. व्हॉल्व्हवरचे ठिपके, रेघा सोडून चढणारं अक्षर, बशीतला चहा, हाताशेजारी सोडलेला प्लग. एकेक सगळं मी माझ्या हातानं या वहीत लिहून ठेवलंय. आज मागची पानं चाळली. एखाद्या परक्या माणसानं वाचली तर तो तिसऱ्या पानावर ओळखेल. मला एवढंच दिसत होतं की अल्कोहोल वाईट आहे.

१२ जून

पाण्याच्या टाकीचा रखवालदार दवाखान्यात बाबांना भेटायला आला होता. त्याच्याकडून कळलं. चार महिने बाबा रोज टाकीभोवतीच्या चार गल्ल्यांतून फेऱ्या मारायचे. त्या गल्ल्यांत त्यांचा सगळा जन्म गेलाय, कुठं खड्डा आणि कुठं खांब ते पाठ. उजाडता उजाडता, गल्लीत गर्दी व्हायच्या आत, दुसऱ्या गिअरमध्ये, फूटपाथची कड धरून. चाळीस झाले का ते बघायला त्याच्याकडे थांबायचे. चष्मा घरी राहिला म्हणायचे आणि आकडा त्याच्याकडून वाचून घ्यायचे. तो म्हणाला, रोज कसा राहील हो चष्मा घरी? मला संशय यायचा, पण म्हटलं मोठं माणूस आहे, कशाला विचारा.

त्या गल्ल्यांत एखादं पोर धावत आडवं आलं असतं तर? आलं नाही, हे आमचं नशीब. यात माझी अक्कल कुठंच नाही.

१५ जून

आज बाबांना विचारलं. आधी विचारायला हवं होतं ते. म्हटलं, बाबा, दिसत नव्हतं तर बोलला का नाहीत?

ते छताकडे तोंड करून म्हणाले, "आठ वर्षांनी तू काहीतरी मागितलंस. नाही कसं म्हणू?"

मग बायपासला कसं चालवत होता ते त्यांनीच सांगितलं, अगदी शिकवल्यासारखं. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी डोळ्याच्या कोपऱ्यात येते. ती धरून जायचं. नव्वद झाले की नाही ते इंजिनाच्या आवाजावरून कळतं, काटा बघावा लागत नाही. पुढच्या गाडीचाही आवाज येतो, काच उघडी ठेवायची. उभ्या ट्रकला आवाज नव्हता, एवढंच चुकलं म्हणाले. अकरा दिवस ते असे गेले. बाराव्या दिवशी निघाले तेव्हा मी गॅरेजच्या दारात उभा राहून घड्याळ लावत होतो.

२५ जून

चेपलेली गाडी गॅरेजवर आणून पडली होती. तीन आठवडे मी तिच्याकडे पाठ करून काम करत होतो. आज मास्तर आले आणि म्हणाले, उघड, मी आहे. इंजिनाला फारसा मार नव्हता. त्यांनी पाना धरला, मी नट सोडले.

प्लग तांबूस. पिस्टनची डोकी जवळजवळ स्वच्छ, काजळीचे पापुद्रे सुटून खालची चकाकी दिसत होती. पेट्रोल तेच, अल्कोहोल तेच. व्हॉल्व्हच्या पाठीवरचा थर मात्र होता तिथंच होता, वजन फारसं उतरलं नाही. त्यातला किती अल्कोहोलचा आणि किती हळू चालवण्याचा, हे आमच्या चाचणीवरून कुणालाच सांगता येणार नाही. मास्तरांचं म्हणणं बहुतेक शब्दाला शब्द खरं निघालं. त्यांना आनंद झाल्यासारखा दिसला नाही. वजनकाटा डब्यात भरताना म्हणाले, व्हॉल्व्हवर अंगठा फिरवला तेव्हाच मला शंका आली होती, मी स्पष्ट बोलायला हवं होतं. मी म्हटलं, मास्तर, मी ऐकलं असतं का? ते म्हणाले, नसतंस ऐकलं.

१२ जुलै

सभा झाली. मी वाचून दाखवलं. म्हटलं, मागच्या वेळी मी जे बोललो त्याला पुरावा नव्हता. मिसळीच्या पेट्रोलनं टाकीतला मळ सुटतो, फिल्टर बदला. व्हॉल्व्हमागच्या थराची नीट चाचणी व्हायला हवी, माझी नीट नव्हती. पण गाडी काजळी धरत असेल तर आधी पेट्रोलला शिव्या देऊ नका. ती कोण चालवतं, कुठं चालवतं, आणि त्याला तसं का चालवावं लागतं, ते जाऊन विचारा. कुणीतरी मागून म्हणालं, गिऱ्हाइकाच्या घरी जायचं का आता? लोक हसले. मी खाली बसलो. टाळ्या पडल्या नाहीत.

घरी आलो तर बाबा जागेच होते, दुपारचे झोपत नाहीत हल्ली. खुबा बसेल, चालता येईल असं डॉक्टर म्हणतात. डोळ्यांचं काही होणार नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना आणलं असतं तर जे उरलं होतं ते टिकवता आलं असतं का, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलेलं नाही. धीर होत नाही.

खिशातून तीन ठिपक्यांचा व्हॉल्व्ह काढून त्यांच्या हातात दिला. अंगठा फिरवला. म्हणाले, "पाठीवर आहे अजून. पिस्टनवरचा गेला का?"

म्हटलं, गेला.

"प्लग?"

म्हटलं, तांबूस. एकदम तुम्ही शिकवला होता तसा.

समाधान वाटलं असावं, कारण व्हॉल्व्ह त्यांनी मुठीत घट्ट धरला. मग माझ्या आवाजाच्या रोखानं, पण माझ्या खांद्यापलीकडं बघत त्यांनी विचारलं की सभेत शेवटी कोणाचं खरं ठरलं, माझं की मास्तरांचं. मी मास्तरांचं म्हणून सांगितलं.

"माझ्यामुळं हरलास तू," बाबा म्हणाले. "मी नीट चालवली असती तर निदान व्हॉल्व्हपुरतं तुझंच खरं निघालं असतं."

मी काहीतरी बोलणार होतो. त्यांना वाटलं मी अजून रागावलोय, म्हणून त्यांनी उजवा हात पुढे करून माझा हात चाचपडत शोधला, आणि तो सापडेपर्यंत मी तसाच बसून होतो.